तीन देशांकडून विश्वचषक खेळलेला देयान स्टान्कोविच – की एकाच देशाकडून तीनदा?

अर्धा_चहा

मंडळी, मदत हवी आहे. जरा तातडीची आहे.

आमच्या सोसायटीत गणपतीत प्रश्नमंजुषा असते. यंदा शेवटच्या फेरीत प्रश्न आला: फुटबॉलच्या विश्वचषकात सर्वांत जास्त देशांकडून कोण खेळलं? मी छाती काढून सांगितलं, देयान स्टान्कोविच. १९९८ ला युगोस्लाव्हिया, २००६ ला सर्बिया आणि माँटेनेग्रो, २०१० ला सर्बिया. तीन.

प्रश्नकर्ते काका म्हणाले, चूक. हे काका भूगोल शिकवून निवृत्त झालेत. त्यांच्या चिठ्ठीवर लुईस मोन्टी होता: १९३० ची फायनल अर्जेंटिनाकडून, १९३४ ची इटलीकडून. मी हुज्जत घातली तर म्हणाले, "बॉम्बेचं मुंबई झालं म्हणून गाव दुसरं झालं का? तुझा माणूस एकाच देशाकडून तीनदा खेळला. पाटी बदलली, दुकान तेच."

आम्ही अर्ध्या गुणाने हरलो. घरी आल्यावर बायको म्हणाली, मोन्टी लिहिलं असतंस तर काय बिघडलं असतं. तर कोण बरोबर, मी की काका? पुराव्यानिशी बोला, मी धाग्याची लिंक काकांना पाठवणार आहे.

मिरजेचा_मिडफिल्डर

काका चूक. तीन वेगवेगळ्या नावांच्या देशांकडून विश्वचषक खेळलेला तो एकमेव माणूस आहे, सगळीकडे हेच लिहिलेलं सापडेल. विषय संपला.

काटकोन

असा कसा संपला? तुम्हीच "नावांच्या" लिहिलंय, म्हणजे काकांचंच म्हणणं मान्य केलंत.

दुसरं, फिफा सर्बियाला जुन्या युगोस्लाव्हियाचा वारस धरते. १९३० साली युगोस्लाव्हियाने उपांत्य फेरी गाठली होती, तीही आज सर्बियाच्याच खात्यात आहे. वारस एकच, तर खातंही एकच. आणि स्टान्कोविचचे १०३ सामने एकत्रच मोजतात ना? सावो मिलोशेविचचा १०२ चा विक्रम मोडला असं म्हणताना कोणी तीन भाग करत नाही.

मिरजेचा_मिडफिल्डर

तुम्ही वकील आहात का हो?

काटकोन

सीए. खाती एकत्र करणं हाच धंदा.

बालेवाडी_फाटा

स्टान्कोविच म्हणजे आपल्या एफसी पुणे सिटीचा ना? त्याला मी बालेवाडीला खेळताना पाहिलाय. तो कधी विश्वचषक खेळला?

निळाकाळा

@बालेवाडी_फाटा, तो मार्को स्टान्कोविच, ऑस्ट्रियाचा. हा देयान. आडनावं सारखी, बाकी संबंध नाही. सर्बियात स्टान्कोविच म्हणजे आपल्याकडे पाटील.

मात्र पुणे सिटीला एक अस्सल सर्बियन होता: प्रशिक्षक रान्को पोपोविच, २०१७-१८ चा हंगाम. त्याच वर्षी संघ पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेला. पंचांशी त्याचं फारसं जमायचं नाही, तुम्ही मैदानावर असाल तर ते दृश्य आठवत असेल.

बालेवाडी_फाटा

आठवतंय! हातवारे बघून आमच्या मागचे आजोबा म्हणाले होते, हा माणूस पीएमटीत कंडक्टर शोभला असता. असो, चालू द्या.

निळाकाळा

आयडीवरून कळलंच असेल, इंटरचा (इटलीतल्या इंटर मिलान क्लबचा) भक्त आहे. तेव्हा धाग्याचा प्रश्न बाजूला ठेवून देकीबद्दल (त्याला सगळे देकी म्हणतात) लिहितो. लोक त्याला फक्त सामान्यज्ञानाच्या प्रश्नापुरता ओळखतात याचं वाईट वाटतं.

जन्म १९७८, बेलग्रेड, वाढला झेमूनमध्ये. शाळकरी वय म्हणजे नेमका देश फुटायचा काळ. १९९१ च्या मे महिन्यात रेड स्टार बेलग्रेडने बारीत मार्सेला पेनल्टींवर हरवून युरोपियन कप जिंकला. त्या संघात सर्ब होते, क्रोएशियात वाढलेला प्रोसिनेच्की होता, मॅसेडोनियाचा पान्चेव्ह, माँटेनेग्रोचा साविचेविच, वर रोमानियाहून आलेला बेलोदेदिच. पुढच्या वर्षी निर्बंध आले. १९९२ च्या युरोसाठी युगोस्लाव्हियाचा संघ स्वीडनला पोचलाही होता, त्याला परत पाठवलं. ऐनवेळी बोलावलेल्या डेन्मार्कने ती स्पर्धा जिंकली हे सगळ्यांना माहीत असतं, जागा कोणाची रिकामी झाली होती ते फारसं कोणी सांगत नाही. १९९४ च्या विश्वचषकाची पात्रता फेरीही बंद. देकी तेव्हा तेरा-पंधरा वर्षांचा. विचार करा, फुटबॉल शिकताय आणि तुमच्या देशाला कोणी खेळायलाच घेत नाही.

तिथून रेड स्टारच्या पहिल्या संघात, १९९८ ला इटलीत लाझिओ क्लबकडे. पहिल्याच हंगामात युरोपातल्या क्लबांचा कप विनर्स कप, तोही शेवटचा, कारण नंतर ती स्पर्धाच बंद केली. (काटकोनसाहेब, हे कोणत्या खात्यात?) २००० ला सेरी आ, म्हणजे इटलीची लीग. जानेवारी २००४ मध्ये इंटरला आला. युव्हेंटसला जायचं जवळपास ठरलेलं असताना आमच्याकडे आला, म्हणून आमच्यासाठी तो पहिल्या दिवसापासून घरचा. पाच लीग, आणि २०१० मध्ये लीग, कप, चॅम्पियन्स लीग अशी तिन्ही. माद्रिदच्या फायनलला बायर्नविरुद्ध किवू बाहेर आला आणि हा आत गेला, दुसऱ्या हाफच्या मध्यावर.

खेळ कसा? मधल्या फळीत कुठेही लावा. डावीकडे, उजवीकडे, बचावापुढे, आघाडीच्या मागे. आमच्या घरी जशी एक आत्या असते, लग्नात पोळ्या कमी पडल्या की पोळ्यांना, आहेर लिहायला कोणी नसलं की आहेराला. फोटोत कडेला. पण ती आली नाही तर कार्य होत नाही.

हिरवी_मिरची

पाचपैकी पहिली लीग २००६ ची, ती युव्हेंटसकडून काढून तुम्हाला कचेरीत बसून दिली. तेवढं लिहायचं राहिलं वाटतं. 😄

निळाकाळा

वाटच बघत होतो. शहरात किती युव्हेंटसवाले आहेत ते असल्या प्रतिसादांवरूनच कळतं.

हिरवी_मिरची

दोघी. मी आणि माझी बहीण.

बरं, मुद्द्याचं विचारते. इतकं कौतुक चाललंय, पण तिन्ही विश्वचषकांत मिळून मिळवलं काय? बाद फेरी एकदाच, १९९८ ला. तूलूझला नेदरलँड्सविरुद्ध मियातोविचने पेनल्टी आडव्या दांड्यावर मारली आणि शेवटच्या मिनिटात डाविड्सने गोल घातला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे अडीच वाजायला आले होते. बाबा टीव्ही बंद करून म्हणाले, "चला, आता निदान दूध घ्यायला उठायला नको, जागेच आहोत." २००६ ला तिन्ही सामने हरले. २०१० ला जर्मनीला हरवलं आणि तरी गटात शेवटचे! असं फक्त सर्बियाच करू शकतो.

मौन_व्रत

अवांतर: तुम्ही सगळे "देयान" लिहिताय हे पाहून बरं वाटलं. मराठी समालोचनात मी "डेजान" ऐकलंय. त्यांच्या लिपीत जे चा उच्चार य.

सर्बियन लेखनाचा नियमच आहे, जसं बोलता तसं लिहा. वुक काराजिच नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकात तो रुजवला. एका आवाजाला एक अक्षर. आणि गंमत म्हणजे त्यांच्याकडे तीन च आहेत. एक आपला "चारा"मधला दातांजवळचा च, एक कडक च, आणि एक मऊ, "चार"मधल्या च च्याही पुढे जिभेचा मधला भाग वर नेणारा. स्टान्कोविचच्या शेवटी आहे तो मऊ. आपण चार आणि चारा दोन्ही एकाच अक्षराने लिहितो आणि परप्रांतीयांना उच्चार चुकला म्हणून हसतो. त्यांनी वेगळी अक्षरं करून प्रश्न सोडवला.

मिरजेचा_मिडफिल्डर

प्रश्न होता किती देश, आणि आता किती च?

बेळगावी_कुंदा

मी देशांवरच बोलतो. आमच्या आजोबांचा जन्म बेळगावात, मुंबई इलाख्यात. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्य. १९५६ ला म्हैसूर राज्य. १९७३ ला त्याचंच नाव कर्नाटक. आजोबा या सगळ्या काळात त्याच घरात, त्याच ओट्यावर बसून पान खात होते. त्यांना विचारलं असतं की तुम्ही किती राज्यांत राहिलात, तर त्यांनी अडकित्ता फेकून मारला असता.

पण यात काकांसाठी एक गोष्ट आहे. १९७३ ला नुसतं नाव बदललं. १९५६ ला मात्र सीमा बदलली, कचेरीची भाषा बदलली, माणसं रस्त्यावर आली. दोन्हीला "पाटी बदलली" म्हणता येत नाही. बॉम्बेचं मुंबई हे ७३ सारखं. स्टान्कोविचचं कुठलं ५६ आणि कुठलं ७३, ते जाणकारांनी सांगावं.

काटकोन

@बेळगावी_कुंदा, उत्तम मुद्दा. धाग्यातला पहिलाच.

अर्धा_चहा

माझा प्रश्न पहिला मुद्दा नव्हता का? 😑

सान_सिरो_रिटर्न

जाणकार येईपर्यंत माझी दुखरी कहाणी ऐका. २०११ मध्ये मी मिलानमध्ये शिकत होतो. ५ एप्रिलला इंटर विरुद्ध शाल्क, चॅम्पियन्स लीगचा उपउपांत्य सामना. महिन्याचं अर्धं किराणा सामान वाचवून तिकीट काढलं. तेव्हा मैदानापर्यंत मेट्रो नव्हती, लोट्टो स्टेशनला उतरून चालत जायचं. मित्राला वाटेत सॉसेजचा पाव खायचा होता. मी म्हटलं उशीर होईल, तो म्हणाला पहिल्या मिनिटात काय होतंय.

सान सिरोच्या कोपऱ्यातल्या गोल बुरुजांतून गरगरीत चढ चढत वर जावं लागतं. आम्ही चढत होतो आणि वरून असा आवाज आला की पायाखालचं काँक्रीट हललं. पळत वर गेलो तर सगळे एकमेकांच्या अंगावर. शाल्कचा गोलरक्षक नॉयर पेनल्टी क्षेत्राच्या बाहेर येऊन चेंडू डोक्याने लांब मारायला गेला आणि देकीने तो मध्यरेषेजवळून, खाली पडूही न देता, सरळ परत पाठवला. गोल. सामन्याला अर्धं मिनिटही झालं नव्हतं.

मी पोचल्यावर काय पाहिलं? इंटर ५-२ ने हरली. पाचही गोल डोळ्यांदेखत. शेजारचा इटालियन म्हातारा पहिला गोल हाताने दाखवून दाखवून सांगत होता आणि माझ्या मित्राच्या शर्टावर मोहरीचा डाग होता. तो शर्ट त्याने नंतर कधी घातला नाही, मी घालू दिला नाही.

हिरवी_मिरची

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). सॉसेजवाल्याचा काही दोष नाही.

निळाकाळा

@सान_सिरो_रिटर्न, तुमच्याबद्दल सहानुभूती. पण तो गोल त्याने आधीही एकदा केला होता! ऑक्टोबर २००९, जेनोआविरुद्ध जेनोआतच. गोलरक्षक अमेलियाने पुढे येऊन चेंडू लाथाडला, देकीने मध्यरेषेजवळून हवेतूनच आत टाकला. आम्ही ५-० ने जिंकलो. एकदा झालं तर नशीब म्हणतात. दोनदा झाल्यावर काय म्हणायचं?

खिडकीपाशी

वाचनमात्र असते, पण जेनोआचं नाव आलं म्हणून लिहिते. नवरा बंदरातल्या कामासाठी तिथे होता, आम्ही दोन वर्षं राहिलो. लुईजी फेरारिस स्टेडियम वस्तीच्या अगदी पोटात आहे, लाल चौकोनी मनोरे आणि समोर लोकांच्या बाल्कन्या, वाळत घातलेले कपडे.

याच मैदानावर देकीची तीन वेगवेगळी रूपं झाली हे कोणी पाहिलंय का? २००९ चा तो गोल. साधारण वर्षाने, १२ ऑक्टोबर २०१०, इटली-सर्बिया सामना. सर्बियाचा गोलरक्षक स्टोयकोविच मूळचा रेड स्टारचा, पण पुढे त्यांच्या प्रतिस्पर्ध्याकडे, पार्टिझानकडे, गेला म्हणून आपल्याच लोकांनी त्याच्यावर हल्ला केला, तो खेळूच शकला नाही. गॅलरीत मुखवटा घातलेला एक माणूस काचेच्या कुंपणावर बसून जाळी कापत होता. फटाके मैदानात. कप्तान स्टान्कोविच संघाला घेऊन त्या कुंपणापाशी गेला आणि लोकांना हात जोडल्यासारखं करून शांत व्हा म्हणत होता. सामना सहा मिनिटांत बंद, इटलीला ३-०. आणि तिसरं, २०२२ च्या ऑक्टोबरात तो त्याच मैदानावर साम्पदोरियाचा (जेनोआतलाच दुसरा क्लब) प्रशिक्षक म्हणून आला. संघ बुडत होता आणि बुडालाच, खालच्या लीगमध्ये गेला. त्याच हिवाळ्यात त्याचा जिवलग सिनिशा मिहायलोविच गेला. मिहायलोविच साम्पदोरियाकडून खेळलेला, पुढे लाझिओ आणि इंटरमध्ये दोघं एकत्र.

आमच्या खालच्या मजल्यावरचे बेकरीवाले साम्पदोरियाचे. संघ खाली गेला तरी ते स्टान्कोविचला शिव्या देत नसत. म्हणायचे, घर आधीच पेटलेलं होतं, हा बादली घेऊन आला.

मिरजेचा_मिडफिल्डर

ताई, वाचनमात्र राहू नका. लिहीत जा.

निळाकाळा

+१. आणि रेड स्टारचा प्रशिक्षक म्हणून २०२०, २१, २२ अशा ओळीने तीन लीग त्याने घेतल्या होत्या, हेही नोंदवा. साम्पदोरियावरून त्याला मोजू नका.

डॅन्यूबकाठी

उशिरा आलो. गेली काही वर्षं व्हिएन्नात आहे. इथे सर्ब इतके आहेत की आमच्या कचेरीत जेवायच्या सुट्टीत जर्मनपेक्षा सर्बियन जास्त ऐकू येतं. @बेळगावी_कुंदा यांच्या ५६ आणि ७३ चं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

१९९८ च्या फ्रान्समधला "युगोस्लाव्हिया" हा सहा प्रजासत्ताकांचा जुना देश नव्हेच. तो १९९२ मध्ये उरलेल्या दोघांनी, सर्बिया आणि माँटेनेग्रोने, चालवलेला संघ. फेब्रुवारी २००३ मध्ये त्याचंच नाव "सर्बिया आणि माँटेनेग्रो" झालं. जमीन तीच, माणसं तीच, जुनं राष्ट्रगीतही तेच. घटना ढिली झाली, पण सामान्य माणसाच्या लेखी हे तुमचं १९७३.

२००६ हे मात्र १९५६. २१ मे ला माँटेनेग्रोत जनमत झालं. वेगळं व्हायला ५५ टक्के हवे होते, मिळाले ५५.५. ३ जूनला त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं, ५ जूनला सर्बियाने. आणि ११ जूनला लाइपझिगमध्ये "सर्बिया आणि माँटेनेग्रो" नेदरलँड्सविरुद्ध मैदानात उतरले. आठवड्याभरापूर्वी मोडलेल्या देशाचा संघ, मोडलेल्या देशाचं राष्ट्रगीत. पात्रता फेरीच्या दहा सामन्यांत एकच गोल खाल्लेला हा बचाव, अर्जेंटिनाने त्याला सहा घातले. त्यातला एक, अख्ख्या संघाने चेंडू फिरवत फिरवत केलेला, मारला काम्बियासोने, म्हणजे स्टान्कोविचच्याच इंटरमधल्या जोडीदाराने.

तिसऱ्यांदा, २०१० ला, खरोखरच वेगळा देश. सीमा वेगळी, समुद्रकिनारा गेलेला, निळ्याऐवजी लाल जर्सी.

माझ्या शेजारच्या टेबलावर झेमूनचीच एक बाई बसते. मी तिला हा धागा तोंडी भाषांतर करून सांगितला. तिने दुसऱ्या दिवशी घरून जुने पासपोर्ट आणले. आईचा लाल, जुन्या मोठ्या युगोस्लाव्हियाचा. तिचा स्वतःचा निळा, छोट्या युगोस्लाव्हियाचा. आणि आताचा सर्बियाचा. मी विचारलं, मधला कुठाय, सर्बिया आणि माँटेनेग्रोचा? ती हसायला लागली. म्हणाली, त्या देशाने स्वतःच्या नावाचा पासपोर्ट छापलाच नाही, शेवटपर्यंत युगोस्लाव्हियाचाच निळा देत होते.

काटकोन

म्हणजे १९९८ चा एक देश. २०१० चा दुसरा. आणि मधला, ज्याला विश्वचषकाचा संघ होता पण पासपोर्ट नव्हता, तो अर्धा. एकूण अडीच.

मी माझं "एकच खातं" मागे घेतो. पण तीनही मान्य नाही.

हिरवी_मिरची

त्या अर्ध्या देशाचा संघही पूर्ण नव्हता! माँटेनेग्रोचा व्हुचिनिच जखमी होऊन बाहेर गेला, तर प्रशिक्षक पेट्कोविचने त्याच्या जागी कोणाला घेतलं? स्वतःच्या मुलाला. पेपरांनी इतकं झोडपलं की मुलगाच स्पर्धेतून बाहेर पडला. फिफाने पुन्हा बदली देऊ दिली नाही. तेवीस जणांच्या जागी बावीस जण खेळले.

बालेवाडी_फाटा

आमच्या सोसायटीची कमिटी अशीच निवडली जाते. फक्त मुलगा बाहेर पडत नाही.

मौन_व्रत

दि स्टेफानो आणि कुबाला हे जुने दिग्गज खेळाडू प्रत्येकी तीन देशांकडून खेळले, पण विश्वचषकात एकदाही नाही. आणि प्रोसिनेच्कीने १९९० ला युगोस्लाव्हियाकडून आणि १९९८ ला क्रोएशियाकडून गोल केले. म्हणजे मोन्टी हे उत्तर "दोन"साठीही एकमेव नाही. प्रश्नच नीट घातलेला नव्हता असं माझं मत. काकांना माझा नमस्कार सांगून हे सांगा.

अर्धा_चहा

मंडळी, अपडेट.

काकांनी अख्खा धागा वाचला. चष्मा लावून, मोबाईल हातभर लांब धरून, जिन्यात उभं राहून. "कंडक्टर"वर हसले. पासपोर्टपाशी बराच वेळ थांबले, पुन्हा वर जाऊन वाचलं. मग म्हणाले, बेळगावच्या माणसाला भूगोल कळतो. अडीच देश त्यांना मान्य आहेत, तीन नाहीत. मोन्टीपेक्षा अडीच जास्त, हेही मान्य. पण उत्तर "तीन" दिलं होतं म्हणून पूर्ण गुण नाही. अर्धा दिला.

आम्ही अर्ध्याच गुणाने हरलो होतो. म्हणजे आता बरोबरी! अडचण अशी की बक्षीस म्हणून एकच पाच लिटरचा कुकर आहे आणि बी विंगवाले तो घेऊन गेलेत. त्यांच्याकडे त्यात एकदा वरणही झालंय.

बेळगावी_कुंदा

आजोबांना अभिवादन समजतो. कुकरचं काय करताय?

मिरजेचा_मिडफिल्डर

युगोस्लाव्हियासारखं करा. भांडं त्यांना, झाकण तुम्हाला.

हिरवी_मिरची

आणि शिट्टी माँटेनेग्रोला. ५५.५ टक्के मतं घेऊनच.

डॅन्यूबकाठी

शेजारच्या टेबलावर विचारलं. ती म्हणते, आधी दोन्ही विंगांनी मिळून एक शेवटचं वरण करा आणि ते करपवा. मग वाटणी.

बालेवाडी_फाटा

आणि रबरी रिंग कोणाकडे?

काटकोन

रिंगचा विषय काढू नका. धागा बंद होईल.